धुळ्याहून न आणलेला जोडा

मी उंच होतो, एवढ्याच कारणासाठी मला कॉलेजच्या बास्केटबॉल संघात घेतलं होतं. खेळ मला नंतर आला. पण बूट माझ्याकडे सगळ्यांत आधी आले. मामांनी पुण्याहून आणून दिलेले पांढरे कॅनव्हासचे बूट, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, खाली बोटभर जाड स्पंजाचा तळ. साठ-सत्तरच्या त्या वर्षांत जळगावात निम्मा संघ अनवाणी खेळायचा, उरलेले शाळेच्या कवायतीच्या सपाट बुटांत. त्यामुळे बुटांतलं मला कळतं, असा एक समज कॉलेजात पसरला आणि तो मी पसरू दिला. कुणी नवे बूट घेणार असलं की मला दुकानात न्यायचे. मी तळ दाबून बघायचो, टाच वाकवून बघायचो, दोन उड्या मारायचो आणि निकाल द्यायचो.

माझा मित्र वजन उचलायचा. आम्ही एकाच बाकावर बसायचो. त्याच्या घरचा डाळीचा व्यापार होता. पणजोबा मारवाडातून आलेले, घर कट्टर जैन. व्यायामशाळेतली मुलं त्याला चिडवायची, "डाळ-रोटीवर कुठं वजन उचललं जातं का रे?" तो हाताला खडूची पूड लावायचा आणि चिडवणाऱ्यापेक्षा दहा किलो जास्त उचलून दाखवायचा. ठेंगणा, रुंद, अतिशय शांत मुलगा होता. आम्ही दोघं बाजारातून निघालो की लोक वळून बघायचे, एक ताडासारखा आणि एक उखळासारखा.

आमच्या तिसऱ्या वर्षी धुळ्याला वजन उचलण्याच्या स्पर्धा ठरल्या. व्यायामशाळेत तो आतापर्यंत अनवाणीच उचलत आला होता. तिथं फळ्या टाकलेल्या होत्या आणि वस्तादांचं म्हणणं होतं की पायाच्या बोटांनी जमीन धरता आली पाहिजे. पण स्पर्धेत पायात काहीतरी घालावंच लागे, अनवाणी माणसाला उभं करत नसत. वस्ताद म्हणाले, "धुळ्यात एक म्हातारा आहे, जोडे शिवणारा. तालमीतल्या लोकांचे बूट त्यानंच केलेत. चामड्याचा बूट, लाकडी टाच. त्याच्याकडे जा."

अडचण चामड्याची होती. मित्राच्या घरी चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. वडील कापडी जोडे घालायचे, पैशाचं पाकीटसुद्धा कापडाचं होतं. त्याने ठरवलं की घरी काही सांगायचं नाही, बूट माझ्या घरी ठेवायचे. मी हो म्हणालो. आमच्या घरात चामडं चालायचं. ते शिवणारा माणूस मात्र ओट्याच्या वर येत नसे. त्या वेळी मला यात काही वावगं दिसत नव्हतं, हेही सांगायला हवं.

एका रविवारी आम्ही एस.टी.ने धुळ्याला गेलो. म्हाताऱ्याचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. गल्लीत ओल्या चामड्याचा वास होता. मित्र सरळ आत जाऊन तरटावर बसला आणि त्याने पाय पुढे केला. "आबा, वजन उचलायला बूट पाहिजेत," तो म्हणाला. मी बाहेर रस्त्यावरच उभा राहिलो, हवा खायला उभा असल्यासारखा.

म्हाताऱ्याने कागदावर त्याचं पाऊल आखून घेतलं. मग त्याची नजर माझ्या पायांकडे गेली. मी दाखवण्यासाठी म्हणून तेच पांढरे बूट घालून गेलो होतो. त्याने मला बोलावलं, बसल्या जागेवरून हात लांब करून माझ्या बुटाचा तळ अंगठ्याने दाबला आणि मित्राला म्हणाला, "हाऊ उडीना जोडा शे. उडी मारस त्याले मऊ लागस. उभा राहस त्याले कठन लागस."

"म्हणजे?" मी विचारलं.

त्याने मला नीट समजावून सांगितलं. उडी मारून खाली येणाऱ्याचा धक्का मऊ तळ पोटात घेतो, ते चांगलं. पण डोक्यावर वजन घेऊन उभा असलेला माणूस मऊ तळावर उभा राहिला तर तळ एका अंगाला दबतो, पाय हलतो, आणि पाय हलला की वरचं सगळं हलतं. म्हणून खाली कडक चामडं आणि टाचेला लाकूड. "तीन आठवडासमा तयार," तो म्हणाला. मित्राने पैसे तिथेच देऊन टाकले.

तीन आठवड्यांनी शनिवारी आमचा बास्केटबॉलचा सामना धुळ्यातच होता. मित्राची त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. तो म्हणाला, "तू जातोच आहेस तर येताना बूट घेऊन ये. आठ दिवस मिळतील सवय करायला." मी म्हणालो, "त्यात काय."

तो सामना आम्ही हरलो. धुळ्याचं मैदान सिमेंटचं होतं, त्यावर बारीक धूळ. माझ्या बुटांचे तळ वर्षभरात गुळगुळीत झाले होते. शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या हातात होता, समोर कुणी नव्हतं, आणि मी सपशेल घसरून पडलो. लोक हसले. नंतर कपडे बदलताना आमच्या संघातला एकजण म्हणाला, "बुटांचे तज्ज्ञ!" आणि सगळ्यांनी ते उचलून धरलं.

एस.टी. स्टँडकडे जायला आम्ही निघालो तेव्हा आमच्या संघातले दोघे माझ्याबरोबर होते. ती गल्ली वाटेतच होती. मी तोंडाशी आलो, थांबलो. आत म्हातारा दिसत होता, मान खाली घालून काहीतरी ठोकत होता. "काय रे, इथं काय?" एकाने विचारलं. दुसऱ्याने नाकाला रुमाल लावला. मी म्हणालो, "काही नाही, बुटाची नाडी सुटली." खाली वाकलो, न सुटलेली नाडी सोडून पुन्हा बांधली, आणि त्यांच्याबरोबर पुढे गेलो.

एवढंच घडलं. चालत दोन मिनिटांचं काम होतं. बसला पाऊण तास होता.

जळगावला उतरलो तर मित्र स्टँडवर वाट बघत उभा. परीक्षा संपवून थेट आला होता. त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "आणले?"

"दुकानाला कुलूप होतं," मी म्हणालो. मी काय बोलणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. "शेजाऱ्याला विचारलं. म्हणाला, मुलीकडे गेलाय. महिनाभर येणार नाही."

सुरुवातीला कुलूप एवढंच सांगायचं होतं. पण मग तो म्हणाला असता की स्पर्धेच्या दिवशी सकाळी जाऊन घेऊ. ती वाट बंद करण्यासाठी मुलगी आली, महिना आला. मित्राने पुन्हा पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पैसे घेऊन असा कसा गेला? तसा वाटला नव्हता."

मी पिशवी खांद्यावर टाकून चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो, कॅनव्हासचे बूट घ्यायला. दुकानदाराने आधी कवायतीचे साधे बूट काढले, पातळ आणि कडक रबराचे, सपाट. मित्राने ते हातात घेतले. "हे कसे आहेत?" मला म्हाताऱ्याचे शब्द आठवत होते. अगदी जसेच्या तसे आठवत होते. पण ते आठवतात असं दाखवलं की त्या म्हाताऱ्याचा विषय निघणार. शिवाय आदल्या दिवशीचं हसणं अजून कानात होतं आणि इथे कुणीतरी मला विचारत होतं. मी म्हणालो, "हे पोरांचे. वजनाखाली फाटतील. ते वरचे काढा." दुकानदाराने जाड स्पंजाचे काढले, माझ्यासारखेच. मी तळ दाबला, टाच वाकवली, त्यांच्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या. "घे डोळे मिटून," मी म्हणालो. त्याने घेतले.

व्यायामशाळेत वस्तादांनी ते बूट बघितले, तळ दाबला आणि चेहरा वाकडा केला. "तो जोडा कुठंय?"

"तयार झाला नाही, वस्ताद," मित्र म्हणाला. त्याने म्हाताऱ्याची तक्रार केली नाही.

"मग वजन कमी ठेव. नाव लागलं म्हणजे झालं."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही धुळ्याला उतरलो तेव्हा माझ्या मनात आलं होतं. पळत जावं, बूट घेऊन यावेत, म्हातारा लवकर परत आला म्हणून सांगावं. हे मी मनात तीन-चार वेळा घोळवलं. पण म्हातारा भेटला आणि काही बोलला तर, कुणी बरोबर आलं तर, असं करत करत अकरा वाजले आणि नावं पुकारायला सुरुवात झाली.

त्या वेळी तीन प्रकारे वजन उचलावं लागे. पहिला प्रकार, वजनांचा लोखंडी बार उभं राहून फक्त हातांनी वर ढकलायचा, तो त्याने व्यवस्थित केला. दुसऱ्यात, एका झटक्यात बार जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायचा असतो, त्यात त्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला किंचित कलला. सावरला. मी अगदी समोर बसलो होतो. त्या बुटाचा स्पंज एका बाजूने चपटा झालेला मी पाहिला. बाकी कुणाला दिसला नसेल. कुठे बघायचं ते मला माहीत होतं.

तिसऱ्या प्रकारात बार आधी खांद्यावर घ्यायचा आणि मग एक पाय पुढे, एक मागे टाकून डोक्यावर ढकलायचा. पहिल्या खेपेला जमलं. तोपर्यंत तो दुसऱ्या क्रमांकावर आला होता, आणि वस्ताद नको म्हणत असताना त्याने पाच किलो वाढवले. बार खांद्यावर आला. त्याने श्वास घेतला आणि पाय टाकले. पुढचा पाय फळीवर पडला आणि घोटा आडवा झाला. वस्ताद ओरडले, "सोड! सोड!" बार मागे गेला. त्याने सोडला, पण उजवा हात बारबरोबर थोडा जास्त मागे गेला. आवाज वजनाचा झाला की हाताचा, ते मला आजही सांगता येत नाही. तो खाली बसला आणि आपल्या कोपराकडे बघत राहिला. कोपर उलट्या बाजूला वळलं होतं.

टांग्यातून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. वाटेत तो एकच बोलला, "घरी तार नको करू. बाबूजी घाबरतील." तार वस्तादांनी आधीच केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले. पांढरं धोतर, कोट, पायात कापडी जोडे. मुलाच्या प्लास्टरमधल्या हाताशेजारी स्टुलावर बसले आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिले. मी पायथ्याशी उभा होतो. आणि दारात तो म्हातारा आला.

त्याच्या काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं. मित्राला बघून तो हात जोडून म्हणाला, "मैदानवर गयथू काल, दुपारना. लोक बोलनात, पोऱ्याले दवाखानामा नेलं." मग पुडकं सोडलं. काळपट तपकिरी चामड्याचा जोडा, जाड टाच, वर आडवे दोन पट्टे. "जोडा तं आठ दिन पासून तयार शे. मी वाट देखी. कोनी उनं नही."

"तुम्ही मुलीकडे गेला होतात ना, आबा?" मित्राने विचारलं.

"माले पोरगीच नही, बाबा," म्हातारा म्हणाला. "दुकान एक दिन बी बंद नव्हतं."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. नुकतंच काहीतरी समजावून घेत असल्यासारखा तो बघत होता. मी खाली पलंगाच्या लोखंडी पायाकडे पाहू लागलो.

वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की एक माणूस त्यांच्या मुलासाठी चामड्याचे बूट घेऊन आलाय. ते उठले. मला वाटलं, आता त्याला बाहेर काढतात. त्यांनी हात पुढे करून एक बूट घेतला. जन्मात चामड्याला मुद्दाम हात न लावलेला तो माणूस बूट उलटा करून बघत राहिला. अंगठ्याने तळ दाबला. तो दबला नाही.

"हा घातला असता तर हात वाचला असता?" त्यांनी विचारलं.

म्हातारा विचार करून म्हणाला, "हात वाचता का नही, ते मी सांगू शकस नही, शेठ. पाय मातर हालता नही."

वडिलांनी बूट खाली ठेवला, हात धोतराला पुसणार होते ते थांबले, आणि मुलाला म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस. मी नाही म्हणालो असतो, पण विचारायचं होतंस."

"चूक झाली, बाबूजी. कॅनव्हासचे मीच पसंत केले," मित्र म्हणाला.

माझं नाव त्याने घेतलं नाही. तिथेही नाही, नंतर घरी गेल्यावरही नाही. त्याच्या आईने मला पुढे कितीदा जेवायला बसवलं, "तू होतास म्हणून त्याला धीर आला," म्हणाली. तो जोडा वडिलांनी वस्तादांकडे दिला आणि तो दुसऱ्या एका मुलाच्या पायाला बसला.

प्लास्टर दीड महिन्याने निघालं. हात सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, सांध्यालाच मार बसलाय, इतकाच उघडेल. जेवता येईल, लिहिता येईल, पण डोक्याच्या वर ताठ जाणार नाही. वजन संपलं. एवढे दिवस मी रोज त्याच्याकडे जात होतो आणि आम्ही अभ्यासाचं बोलत होतो.

मग एका संध्याकाळी त्याने मला मेहरूणच्या तलावावर नेलं. काठावर बसलो. त्याने विचारलं, "का नाही आणलेस?"

"बस चुकली असती," मी म्हणालो.

"साडेपाचची चुकली असती तर सहाची होती."

मग मी सगळं सांगितलं. संघातली ती दोघं, रुमाल, नाडी. त्यांच्यादेखत त्या गल्लीत शिरायची लाज वाटली, हेही सांगितलं. बोलताना रडलो. तो तलावाकडे बघत ऐकत होता.

"हाताचं जाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "हात तसाही गेला असता कदाचित. पण दुकानात तू ते बूट निवडत होतास ना, दाबून बघत होतास, उड्या मारत होतास. मला वाटत होतं, माझ्यासाठी किती करतोय हा. ते मला सारखं आठवतं."

मी डोळे पुसले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक कर. त्या आबांना जाऊन खरं सांग. मी त्यांच्याबद्दल वाईट बोललो होतो, तुझ्याकडे का होईना. आणि त्यांना वाटत असेल, आम्हाला त्यांचा बूट पसंत नव्हता."

पुढच्या रविवारी मी धुळ्याला गेलो. या वेळी एकटाच. गल्लीत शिरलो, दुकानात गेलो, तरटावर बसलो. म्हाताऱ्याने ओळखलं. हात कसा आहे विचारलं. मी सांगितलं. तो हळहळला आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "मन्हीच चूक शे, भाऊ. मी सकायमाच मैदानवर येवाले पाहिजे व्हतं. दुपारलगून दुकानमा वाट देखत बसनू."

तो स्वतःला दोष देत होता आणि त्याच्या हातात कुणाची तरी लहान चप्पल होती, तिला टाका घालणं चालू होतं. मला आता सांगायचं होतं की तुमच्या दारापर्यंत येऊन मी परत गेलो. का गेलो ते सांगायचं होतं. मित्रासमोर ते वाक्य निघालं होतं. या माणसासमोर, त्याच्याच तरटावर बसून, ते निघेना.

"त्या दिवशी आमची गाडी चुकत होती," मी म्हणालो. "म्हणून राहिलं."

"व्हस असं," तो म्हणाला, आणि समोरच्या पोराला चहा आणायला पिटाळलं. मी चहा प्यायलो. तो चांगला होता. निरोप घेताना त्याने विचारलं, मला खेळाचा जोडा पाहिजे का, उडीचाही करून बघतो म्हणाला, आत जुन्या टायरचं रबर घालून. मी नंतर येतो म्हणून निघालो. नंतर गेलो नाही.

जळगावला परतलो तेव्हा मित्र दुकानात गादीवर बसला होता. परीक्षा झाल्याबरोबर वडिलांनी त्याला दुकानात घेतलं होतं. गिऱ्हाईक होतं, म्हणून त्याने नुसत्या भुवया उंचावून विचारलं.

"सांगितलं," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

त्याचा चेहरा मोकळा झाला. कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा तो नीट हसला. गिऱ्हाईक गेल्यावर डाव्या हाताने फळीवरची बरणी काढली आणि मला शेव दिली. त्या दिवसापासून आमचं पुन्हा जमलं. त्याच्या लग्नात मी होतो, माझ्या लग्नात तो. बास्केटबॉल मी त्याच वर्षी सोडला. कारण विचारलं की गुडघा सांगायचो.